धुण्याच्या टबात लपवलेले जीव

प्रिय गिरजाआत्या,

आज सकाळी दूध उतू गेलं आणि मी जागची हलले नाही.

गॅसवर दूध ठेवून मी सहज टाकीपाशी येऊन उभी राहिले होते. आपल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला तो लाल पायांचा खेकडा, पाठीवर शंख घेऊन फिरणारा, ज्याला तू ‘बिऱ्हाडी’ म्हणायचीस, तो एका रिकाम्या शंखापाशी बसला होता. आधी त्यानं शंखाचं तोंड नांग्यांनी चाचपलं. आत नांगी घालून पाहिलं. शंख उलटा केला, सुलटा केला, पुन्हा चाचपला. भाड्यानं खोली बघायला आलेला माणूस नळ सोडून बघतो, खिडकी उघडून बघतो, अगदी तसं! आणि मग एकदम तो स्वतःच्या शंखातून बाहेर आला. मागचं अंग उघडं, फिकं, मऊ, पिळलेल्या कणकेसारखं. मी श्वास सोडायच्या आत तो पाठमोरा नव्या शंखात शिरला आणि चालायला लागला.

आत्या, तू हेच सांगितलं होतंस. आमच्याकडं राहायला आलीस त्या पहिल्याच महिन्यात. “त्यो उघडा झाला गं, आन् दुसऱ्या घरात गेला.” आणि मी, पॅथॉलॉजी लॅबमध्ये बारा वर्षं काढलेली शहाणी, तुला म्हणाले, “असं होत नसतं आत्या, तो शंखालाच चिकटलेला असतो. तुम्हाला डुलकी लागली असेल.” जेवताना भरतलाही सांगितलं. दोघं हसलो. पुढं मी एका पुस्तकात वाचलं की तूच खरी होतीस. तेव्हा तरी तुला सांगायचं ना? नाही सांगितलं. मोठेपणा आडवा आला.

म्हणून आज लॅबमधून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन लिहायला बसले आहे. तुला जाऊन येत्या पंधरवड्यात वर्ष होईल. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे मला. पण तू कुणाचं बोलणं मध्ये तोडायची नाहीस. तेवढं पुरे.

लहानपणी मी तुला ‘तू’च म्हणायचे. तू माझ्या वडिलांची चुलत बहीण, खुलताबादच्या पलीकडं माळावर राहणारी. सुट्टीत आलो की तू माझ्या मांडीवर कोकरू द्यायचीस. मग तुझ्या भरतशी माझं लग्न झालं आणि मांडवातच बायकांनी बजावलं, आता आत्या राहिली नाही, सासू झाली, ‘तुम्ही’ म्हणायचं. त्या ‘तुम्ही’नं आपल्या दोघींच्या मध्ये कसला आडपडदा आणला! पत्रात कोण ऐकतंय? मी तूच म्हणणार.

मामंजी गेल्यावर दोन वर्षं तू मेंढरं एकटीनं राखलीस. गुडघे गेले तेव्हा भरतच्या भावानं, नामदेवभाऊजींनी, मेंढरं ताब्यात घेतली आणि भरत तुला इकडं संभाजीनगरला, सिडकोतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर घेऊन आला. तू दारात चपला काढल्यास, दोन पावलं आत आलीस आणि हॉलमधल्या टाकीपुढं थांबलीस. निळा उजेड, आत दगड, पांढरी वाळू, मासे.

“हे काय गं?”

“समुद्राचं पाणी आहे, आत्या. भरतच्या साहेबांची बदली झाली. त्यांना टाकी नेता येईना, म्हणून आपल्याला दिली.”

“समुद्राचं? हितं?”

“मीठ पुण्याहून मागवायचं. फिल्टरच्या पाण्यात कालवायचं.”

“नळाला आठ दिसानं पानी, आन् तू घरात समुद्र बांधून ठिवलास व्हय?”

मग तू झाकण उचललंस, बोट बुडवलंस आणि चाखलंस! मी ओरडलेच. तू तोंड वाकडं करून म्हणालीस, “मेंढराला मीठ चाटवतो तसलं खारं हाय की. ह्याच्यात जित्राब जगतंय कसं?”

मी म्हणाले, “जगतं.” आणि चहा टाकायला गेले.

भरतची वाळूजला शिफ्ट, माझी लॅब. दिवसभर घरात तू आणि ती टाकी. मी जाताना तुला टीव्ही लावून द्यायचे. तू तो बंद करून खुर्ची टाकीकडं वळवायचीस. संध्याकाळी मी दमून यायचे आणि तू दिवसभराची हकिकत घेऊन बसलेली असायचीस. मी कोथिंबीर निवडत ‘हो का’, ‘बरं’ करायचे. केवढं सांगत होतीस तू! आणि माझ्या कानात किती गेलं?

आल्यागेल्याची नजर माशांवर जायची. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली ती जोडी आणि एक मोठा निळा. तू म्हणायचीस, “ती नुस्ती मिरवत्यात.” तुझी नजर खाली, वाळूवर आणि दगडांच्या फटीत. साहेबांनी टाकी देताना सांगितलं होतं की खाली साफसफाई करणारे जीव आहेत, उरलंसुरलं खातात, मेलेलं खातात, त्यांचं आपल्याला काही करावं लागत नाही. काही करावं लागत नाही म्हटल्यावर मी त्यांच्याकडं बघायचंच सोडलं होतं. तू एकेकाला नाव दिलंस. वाळूत अंग पुरून फक्त सोंड वर ठेवणारे बारके शंख, ते ‘सोंडे’. दगडाखाली दडलेला, सापाच्या शेपटीसारखे पाच लांब हात असलेला, तो ‘पाचपाया’. फटीतून निघणारे गुलाबी किडे, अंगावर पांढरी कुसं, हाताला लागली की आग होते, ते ‘सुरवंट’. काचेवर शेवाळ चरणाऱ्या गोगलगाईंना तू नाव दिलं नाहीस. “ह्यो कळप हाय,” म्हणालीस, “कळपाला येकच नाव असतं.”

तो रविवार मला विसरता येत नाही. मी कपड्यांना इस्त्री करत होते.

“काय करायलीस? ये हितं. बस.”

तू मला खुर्चीत बसवलंस आणि पाण्यात चिमूटभर खाणं टाकलंस. मासे झेपावले. दोन-चार दाणे निसटून खाली गेले. खाली नुसती वाळू, सपाट, मोकळी.

“आता बग.”

आणि वाळू हलली! आधी एका जागी, मग तिच्याशेजारी, मग दहा-बारा ठिकाणी. सोंडा वर आल्या, सोंडांमागून शंख वर आले आणि ते सुटले की धावत! गोगलगाईच्या जातीचं काही धावू शकतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. दगडाखालून पाचपायाचा एक हात आला, हवेत चाचपडावं तसा पाण्यात चाचपडला आणि दाणा लपेटून परत गेला. फटीतून सुरवंटानं डोकं काढलं. बिऱ्हाडी आपलं घर ओढत आला. मिनिटाभरात खाली एक कण उरला नाही. मग एकेक करून सगळे परत वाळूत गेले आणि वाळू पुन्हा पहिल्यासारखी सपाट.

मी विचारलं, “हे सगळे कायम इथंच असतात?”

“हितंच. तुला काय वाटलं, वाळू रिकामी हाय?”

वर्षभर मी त्या टाकीची मालकीण होते, आत्या. वर्षभर!

त्याच थंडीत तो निळा मासा नाहीसा झाला. मी लॅबमधून आले तर टाकीत नाही. उडी मारून बाहेर पडला असेल म्हणून सोफा सरकवला, पायपुसणं झटकलं, बॅटरी घेऊन शोकेसच्या मागं शोधलं. तू मला शोधू दिलंस. मग म्हणालीस, “नको हुडकू. त्याची माती झाली.”

“म्हणजे?”

“सकाळी तू गेलीस आन् त्यो दगडाच्या आडूशाला आडवा झाला. मी बगत हुते. जीव गेल्यावर पयलं सोंडं आलं. मग बिऱ्हाडी. मग त्या पाचपायानं दोन हात टाकलं. भांडान नाय, तंटा नाय. येकानं खाल्लं, बाजूला झाला, दुसरा आला. दुपारी काटा राह्यला हुता. सुरवंटांनी त्यो बी फटीत नेला.”

मी चिडून म्हणाले, “मग तुम्ही बाहेर काढायचा ना!”

“कायला? त्यांच्या वाट्याचं हुतं.”

आणि मग तू गिधाडांचं सांगितलंस. तुझ्या तरुणपणी माळावर ढोर पडलं की आभाळ आधी रिकामं असायचं, आणि मग एक ठिपका, दोन ठिपके, आणि बघता बघता पंचवीस-तीस गिधाडं उतरायची. दुपारपर्यंत हाडं धुतल्यासारखी पांढरी. वास नाही, रोग नाही. “आता येकबी दिसत नाय बग. ढोर पडलं की आठ-आठ दिस कुजतंय, कुत्री ओढत्यात. आभाळात कुनी ऱ्हायलंच नाय आमचं निस्तरायला.” मग टाकीकडं बोट केलंस. “हितं हायेत अजून. नशीब हाय तुझं.”

माझा राग कुठं गेला ते कळलं नाही. मी काचेला नाक लावून त्या दगडाच्या आडोशाला बघत राहिले. हातभर जागेत एका जिवाचा शेवट झाला होता आणि पाणी आरशासारखं स्वच्छ होतं.

एवढं बघूनही पुढं मी जे केलं ते का केलं, आत्या?

भरतच्या नव्या साहेबांना आपण जेवायला बोलावलं होतं. साहेबांच्या बाई टाकीपाशी गेल्या, वाकल्या आणि किंचाळल्या, “अगं बाई, अळ्या! जेवणाच्या हॉलमध्ये?” सुरवंट काचेवर आला होता. सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी माशांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “ये सब कचरा है बाजी, निकाल डालो. रेती धो डालो, टाकी चकाचक!” मला तेच ऐकायचं होतं.

रविवारी बाटलीत कोळंबीचा तुकडा घालून मी सापळा लावला. सुरवंट निघाले, डझनाडझनानं. सोंडेही आत शिरले. दगड उचलून पाचपाया पकडला. बिऱ्हाडीलाही काढलं, कारण वाळू धुवायची होती आणि तो मध्ये मध्ये यायचा. तू खुर्चीतून उठून आलीस.

“सुरेखा, नको गं. त्यांनी काय केलंय तुझं?”

आणि मी तुला काय म्हणाले? प्रत्येक शब्द आठवतो. “आत्या, हे तुमचं मेंढरांचं वाघूर नाही. मी शिकलेली आहे. मला कळतं यातलं.”

मेंढरं कोंडायची ती जाळी, तुझ्या खांद्यावरून आयुष्यभर वाहिलेलं ते वाघूर, त्याची मी अशी किंमत केली. मी ते जीव भरलेला प्लास्टिकचा मग तुझ्यापुढं धरून म्हणाले, नालीत ओतून या. तू म्हणालीस, “दे हिकडं. टाकते मी.” परत आलीस. मी विचारलं, टाकले? तू म्हणालीस, “व्हय.”

वाळू मी नळाच्या पाण्यानं सात वेळा धुतली. पिठासारखी पांढरी झाली. टाकी इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती. मी फोटो काढून साहेबांच्या बाईंना पाठवला.

आठवडाभरात पाणी दुधाळ व्हायला लागलं. मी रोजच्याएवढंच खाणं टाकत होते आणि खाली पडलेलं तिथंच पडून राहत होतं. त्याला पांढरी बुरशी आली. परीक्षानळीत जे पाणी पिवळं राहायला हवं ते हिरवं झालं, दुसऱ्या दिवशी गडद हिरवं. अमोनिया! आणखी एक गोष्ट मला छळत होती. पाण्याचा खारटपणा रोज थोडा थोडा उतरत होता. टाकीतलं पाणी उडून कमी होतं, मीठ कुठं उडतं? मी मापं पुन्हा घेतली, उपकरण पुसून घेतलं, वहीत लिहिलं. काही समजेना. दुसऱ्यांच्या रक्तातलं मीठ मोजणारी मी, घरातल्या टाकीतलं मीठ कुठं चाललंय ते मला सापडेना.

दहाव्या दिवशी सकाळी नारिंगी जोडी पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून श्वास ओढत होती. मी सुट्टी टाकली. अर्धं पाणी बदललं. दुपारी जोडीतली मोठी गेली. तिला मी जाळीनं काढलं, कारण तिला खायला खाली कुणी नव्हतं. पाण्याच्या तीन बादल्यांच्या मधोमध बसून मी रडायला लागले. एका माशासाठी नव्हे गं. माझ्या हातानं एक अख्खं गाव उठवलं होतं आणि ते गाव काय काम करत होतं हे मला ते उठल्यावर कळत होतं.

तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास. “ऊठ. धुण्याच्या ग्यालरीत चल.”

वॉशिंग मशीनच्या मागं तुझा निळा टब होता. तुझी लुगडी तू स्वतः धुवायचीस, त्यामुळं त्या टबाकडं आम्ही दोघं कधी फिरकलोच नव्हतो. तू वरचं ओलं पोतं बाजूला केलंस. आत खारं पाणी होतं, वाळू धुताना मी बादलीत काढून ठेवलेलं. टाकीतलाच एक दगड होता. आणि दगडावर, दगडाखाली, टबाच्या कडेला, सगळे होते! बिऱ्हाडी होता, सोंडे होते, पाचपाया दगडाला बिलगून बसला होता, फटीत सुरवंटांची गुलाबी टोकं हलत होती.

“टाकले म्हणाला होतात ना तुम्ही?” माझ्या तोंडून एवढंच निघालं.

“खोटं बोलले. शिवी दे पायजे तर, पर आदी सोड त्यांना.”

रोज मी लॅबला गेले की तू टाकीतलं एक तांब्या पाणी टबात आणायचीस आणि टबातलं एक तांब्या ओतून द्यायचीस. संध्याकाळी पाणी कमी दिसलं की ते उडून गेलं समजून मी टाकीत गोडं पाणी भरायचे. माझं मीठ तिकडं चाललं होतं! आणि दिवसातून कितीतरी वेळा तू तांब्यानं टबातलं पाणी उचलून उंचावरून परत टबात सोडायचीस. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? तू टाकीतल्या बुडबुडे सोडणाऱ्या पंपाकडं बघून म्हणालीस, “ते यंत्र काय करतंय? तेच केलं मी. पान्याला बी दम लागतो.” त्या गुडघ्यांनी, आत्या! दहा दिवस!

सगळं एका दिवसात सुधारलं असं नाही. चार दिवस मी रोज पाणी बदललं. वाळू धुताना मी डोळ्यांना न दिसणारे जीवही मारले होते, ते पुन्हा वाढायला महिना गेला. मी तुला ते समजावून सांगितलं तर तू म्हणालीस, “बग, न दिसनारं बी राबत्यात.” पण ज्या संध्याकाळी आपण तुझ्या टबातले जीव टाकीत सोडले, त्या संध्याकाळी बुरशी आलेला पहिला दाणा एका सोंड्यानं ओढून नेला आणि आपण दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. जोडीतला धाकटा वाचला. आजही आहे.

वाघुराबद्दल मी तुझी माफी मागितली नाही. त्या दिवशी वाटलं, आता रडतेय, उद्या नीट बोलू. नंतर ते बोलणं मागं पडत गेलं. आज मागते. मला माफ कर, आत्या. तुझ्या वाघुरात जे शहाणपण होतं ते माझ्या वहीत नव्हतं.

आता माझं एक गाऱ्हाणं ऐक. तुझ्या छातीत कळ येते हे तू का लपवलंस? शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं, जिना चढताना तू दोनदा पायरीवर बसायचीस आणि त्यांना म्हणायचीस, पोरीला सांगू नका, तिला लई काम हाय. हजारो माणसांचं रक्त काढलं मी, तुझं एकदाही नाही! गुडघ्याच्या डॉक्टरांनी वय विचारलं तेव्हा तू ऐटीत म्हणाली होतीस, “निजाम पडला त्या पोलीस ॲक्शनला मी रांगत हुते, घाला हिसाब.” डॉक्टरांनी हिशेब घातला. आम्ही घरातल्यांनी कधी घातला नाही.

तू देवाचं करायला म्हणून तीन दिवस गावी गेलीस. दुसऱ्या सकाळी भाऊजींचा फोन आला. बाहेर बाजेवर बसून चहा पीत होतीस, कप खाली ठेवलास आणि कलंडलीस. आम्ही दुपारी पोचलो. आपल्यात माती देतात, आणि जागा आपल्याच रानात, बांधाला लागून, म्हणून आम्ही बायकाही गेलो. मला आधी प्रेताला माती देताना बघवत नसे. आजोबांच्या वेळी मी डोळे मिटून घेतले होते. तुझ्या वेळी मी वाकून बघितलं. खोदलेल्या मातीच्या कडेला गांडूळ होतं, ते परत आत शिरत होतं. मुंग्यांची रांग ढेकळाला वळसा घालून चालली होती. एक काळा किडा मातीचा कण ढकलत होता. केवढी वर्दळ! मी मूठभर माती टाकली आणि मनात म्हणाले, आत्या, तू एकटी नाहीस. खाली सगळे आहेत. भीती वाटली नाही. रडू येत होतं आणि छातीत काहीतरी मोठं, उघडं, आभाळाएवढं भरून येत होतं. त्याला काय म्हणतात मला माहीत नाही.

हे पत्र लिहायला आणखी एक कारण आहे. आता सांगते.

वर्षश्राद्धाच्या आधी भाऊजींना तुझ्यावर ओटा बांधायचा आहे. सिमेंटचा, वर काळी चकचकीत फरशी, तुझं नाव कोरलेलं. मिस्त्री ठरला आहे. भरतही हो म्हणाला होता. गेल्या रविवारी ते दोघं फरशीचे नमुने घेऊन बसले तेव्हा मी म्हणाले, “आत्यांवर फरशी नको.”

भाऊजी म्हणाले, “वहिनी, मायला काय उघड्यावर ठिवायचं? लोक थुकतील तोंडावर.”

मी त्यांना टबाचं सांगितलं. सगळं, वाघुराच्या बोलण्यासकट. त्यांना ते ठाऊकच नव्हतं. भरत मान खाली घालून ऐकत होता. म्हणाला, “माय मला कधी बोलली नाही हे.” मी म्हणाले, “आपण विचारलं कधी?” भाऊजी चिडून उठले, नमुने तिथंच टाकून गेले. पण काल भरतनं स्वतःहून त्यांना फोन केला. बराच वेळ बोलले दोघं. शेवटी भाऊजी म्हणाले म्हणे, “मग निदान कडेनं दगड तरी लावू.” एवढं चालेल ना तुला? मी हो म्हटलं आहे.

तरी मिस्त्रीला कुणी अजून नको म्हटलेलं नाही. म्हणून मी तुला शब्द देते, आत्या. शनिवारी पहाटेच्या गाडीनं मी गावी जातेय. तो सिमेंटची गोणी घेऊन आलाच तर मी बांधावर बसलेली दिसेन, आणि गोणी आल्या वाटेनं परत जाईल. तुझ्या अंगावर फक्त माती राहील, ओली, सैल, खालून वरून कुणालाही येता-जाता येईल अशी. त्यावर गवत येईल. भाऊजींची मेंढरं ते खायला येतील, आणि त्यांना तिथून कुणी हाकलणार नाही.

तुझी भाची आणि सून,
सुरेखा